ठुमरीच्या घरातला ड्रमर

8 फेब्रुवारी 2025 ला शोभा गुर्टूंच्या जन्माला शंभर वर्षं झाली. त्या निमित्ताने मराठीत जे काही माझ्या वाचनात आलं, त्यात त्यांच्या आई मेनकाबाई शिरोडकर होत्या, उस्ताद घम्मन खाँ होते, ‘पाकीजा’ होता, 2002 चं पद्मभूषण होतं. मुलगा मात्र शेवटच्या परिच्छेदात, ‘प्रसिद्ध तालवादक’ एवढ्यावर उरकलेला. हे मला फार लागलं. शोभाताईंच्या गाण्याचा वारसा पुढे कुठे गेला, असा प्रश्न ज्याला पडेल त्याला त्रिलोक गुर्टूकडे जावंच लागेल. आणि तो वारसा त्याने जॅझच्या ड्रमवर चालवला, म्हणून त्याला घराण्याच्या अंगणाबाहेर उभं करणं हा अन्याय आहे.

त्रिलोकचा जन्म 30 ऑक्टोबर 1951 चा, मुंबईतला. आजी मेनकाबाई नृत्यांगना, शिवाय अल्लादिया खाँसाहेबांची तालीम मिळालेल्या गायिका. आई बेळगावची, माहेरची भानुमती शिरोडकर. कोल्हापुरात भूर्जी खाँसाहेबांकडे शिकलेली. पुढे ठुमरी-दादरा शिकवायला घम्मन खाँसाहेब मुंबईत येऊन कुटुंबाबरोबरच राहिले. असल्या घरात मूल शाळेत जायच्या आधीच सम ओळखायला लागतं. त्रिलोक लहानपणीच तबल्यावर बसला, शाह अब्दुल करीम यांच्याकडे शिकला आणि आईच्या साथीला बसू लागला.

त्याच्या पुढच्या वाटचालीची किल्ली मला या साथीत दिसते. ख्यालाच्या साथीत ठेका धरून राहायचं असतं. ठुमरीत त्याहून अवघड काम असतं. गाणारी एकाच बोलाला दहा तऱ्हांनी वळवत असते. कुठे थांबेल, कुठे शब्द अर्ध्यावर सोडेल, सांगता येत नाही. तबलजीने दीपचंदी किंवा जत मोजक्या वजनाने चालू ठेवायचा, तिच्या श्वासाकडे कान लावून बसायचं, आणि शेवटी लय दुगुनीत गेली की लग्गीत मोकळं व्हायचं. तोवर हात आवरून धरायचे. आता जॅझमधल्या ड्रमरचं काम पाहा. तो राइड सिंबलवर चाल धरतो, सॅक्सोफोनवाला काय म्हणतो ते ऐकतो, मध्येच स्नेअरवर एखादा हुंकार देतो, आणि स्वतःची पाळी आली की सुटतो. ज्याने आईच्या मागे बसून वर्षानुवर्षं हे केलं, त्याला जॅझ परकं वाटण्याचं कारणच नव्हतं.

ड्रमचा संच त्याने तरुणपणी, सत्तरच्या दशकात हाताशी घेतला. मुंबईत तेव्हा ड्रमवरचे कसलेले हात होते. कावस लॉर्ड आणि त्यांचे चिरंजीव बुजी, लेस्ली गोदिन्हो ही मंडळी सिनेमाच्या स्टुडिओंत वाजवत होती. चर्चमधल्या शाळांत नोटेशन वाचायला शिकलेले गोव्याचे कितीतरी वादक रात्री हॉटेलांत जॅझ आणि दिवसा फिल्मी गाणी वाजवून घर चालवत होते. त्रिलोकने ड्रमचा अभ्यास केला तो मुख्यतः कानाने. त्याने स्वतः एका मुलाखतीत सांगितलं आहे की, स्टुडिओत एका वाजवण्यावर दुसरं वाजवणं चढवता येतं, हे त्याला तेव्हा ठाऊकच नव्हतं. रेकॉर्डवर ऐकू येतं ते सगळं एकच माणूस एका दमात वाजवतो असं समजून तो ते सगळं बसवत गेला. इतरांनी अशक्य म्हणून सोडून दिलं असतं ते त्याच्या हातात बसलं.

सत्तरच्या दशकाचा उरलेला भाग थोडक्यात सांगतो. तो युरोपात गेला आणि चार्ली मारियानो, जॉन चिकाई, तेर्ये रिपदाल, डॉन चेरी यांच्याबरोबर वाजवू लागला. नाव झालं, पण जाणकारांच्या वर्तुळात.

ऐंशीचं दशक मात्र माझं स्वतःचं आहे. निरंजन झवेरींच्या पुढाकाराने 1978 मध्ये मुंबईत जॅझ यात्रा सुरू झाली होती. पहिल्याच यात्रेत सॉनी रोलिन्स वाजवून गेले होते. धोबी तलावच्या रंगभवनात, उघड्या आकाशाखाली, दगडी पायऱ्यांवर बसून आम्ही गिरगाव-दादरची मुलं ते संगीत ऐकायचो. लुई बँक्स आणि ब्राझ गोन्साल्विस, त्यांच्याबरोबर रमामणींचं कर्नाटक गायन, आणि ड्रमवर रणजित बारोट, सितारादेवींचा मुलगा! एक ड्रमर ठुमरीच्या घरातला, दुसरा कथकच्या. हा योगायोग आहे असं मी मानत नाही. ज्यांच्या घरी लय दिवसभर तोंडी खेळत होती त्यांनाच ड्रमवर बोलता आलं. त्या पायऱ्यांवर कुणी कुणाला घराणं विचारत नसे. रात्री आकाशवाणी बंद झाली की व्हॉइस ऑफ अमेरिकावर विलिस कनोव्हर यांचा जॅझचा कार्यक्रम खरखरीतून पकडायचा, आणि काळा घोड्याच्या रिदम हाऊसमध्ये उभ्याने रेकॉर्डी चाळायच्या, हे आमचं विद्यापीठ होतं.

त्रिलोकचं खरं कर्तृत्व याच दशकातलं. नोव्हेंबर 1984 मध्ये ‘ओरेगॉन’ या अमेरिकन चौकडीतला कॉलिन वॉलकॉट पूर्व जर्मनीत मोटार अपघातात गेला. वॉलकॉट सतार आणि तबला वाजवायचा, रविशंकर आणि अल्लारखाँसाहेबांकडे शिकलेला. त्याच्या जागी त्रिलोक आला, आणि 1987 चा ‘इकोटोपिया’ त्याच्यासह झाला. मग जॉन मॅक्‌लाफ्लिनची त्रयी. लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये नोव्हेंबर 1989 मध्ये झालेल्या मैफलीची रेकॉर्ड आजही मिळते. बेसवर काई एकहार्ट आहे. त्यात त्रिलोक तोंडाने बोल म्हणतो, मॅक्‌लाफ्लिन त्याला उत्तर देतो, आणि परदेशी श्रोते आपल्याकडच्या बैठकीसारखी दाद देतात. त्रिलोक खुर्चीवर बसत नसे. अर्धवट गुडघ्यावर, जमिनीशी, एका हाताला तबला आणि दुसऱ्या हाताला सिंबल. वाजवलेली झांज पाण्याच्या बादलीत बुडवून तिचा सूर वाकवायचा. तबल्यावरचं बसणं त्याने सोडलं नाही. ड्रमच आपल्या उंचीवर खाली आणले.

1988 मध्ये त्याची स्वतःची पहिली रेकॉर्ड आली, ‘उस्फ्रेट’. डॉन चेरी, राल्फ टाउनर, एल. शंकर आणि गायला शोभाताई. परदेशात नाव काढलेल्या मुलाने स्वतःच्या पहिल्या कामात आईला गायला बसवलं आणि स्वतः पुन्हा तिच्या साथीला बसला. त्या वर्षी आपल्याकडे याची किती चर्चा झाली? माझ्या ऐकण्यात तरी आली नाही.

कारण दोन्हीकडच्या भिंती पक्क्या होत्या. मी ज्या तबल्याच्या वर्गाला जात होतो तिथे ड्रम म्हणजे वरातीचा गोंगाट, असं गुरुजी सर्वांसमोर बजावायचे. शास्त्रीय संगीताच्या समीक्षकांनी ‘फ्यूजन’ हा शब्द शिवीसारखा वापरला आणि ऐकण्याचे कष्ट वाचवले. दक्षिण मुंबईतल्या काही जॅझप्रेमींना न्यूयॉर्कचा वादक महान वाटायचा, पण माझगावात राहणारा गोव्याचा ड्रमर त्यांच्या लेखी हॉटेलातला करमणूकदारच. या दोघांनी मिळून एका पिढीची नोंद बुडवली. ते वादक एकेक करून गेले. त्यांच्या आठवणी मराठीत फारशा कुणी लिहून घेतल्या नाहीत.

पुढचं सगळ्यांना माहीत असण्यासारखं आहे. 1993 चा ‘क्रेझी सेंट्स’, त्यात जो झाविनुल आणि पॅट मेथेनी. ‘डाउनबीट’ मासिकाच्या समीक्षकांच्या कौलात अनेकदा पहिला क्रमांक. मग रेकॉर्डींची रांग. 27 सप्टेंबर 2004 ला शोभाताई गेल्या.

इकडे रंगभवन शांतता क्षेत्रात आलं आणि तिथल्या मैफली थांबल्या. रिदम हाऊस 2016 मध्ये बंद झालं. आज ज्याला फ्यूजन म्हणून मंचावर बसवतात त्यात बहुतेक वेळा वेगाची चढाओढ असते. दोघं तालवादक एकमेकांवर सवाल-जवाब फेकतात, टाळ्या पडतात, आणि गाणारा कोपऱ्यात वाट पाहत बसतो. हात आवरायला शिकवणारी साथ त्यात नाही. मुलांना ड्रम शिकवणारे वर्ग गल्लोगल्ली आहेत, परीक्षा आहेत, प्रमाणपत्रं आहेत. पण त्या मुलांना एखाद्या गायिकेच्या मागे वर्षभर नुसतं ठेका धरून बसवणारा वर्ग माझ्या तरी पाहण्यात नाही.

30 ऑक्टोबर 2026 ला त्रिलोक गुर्टूला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होतील. महाराष्ट्रातल्या संगीत सभांना माझी विनंती आहे: त्याला बोलवा, आणि जॅझच्या महोत्सवात नव्हे, तर जिथे शोभाताई गायल्या त्या मंचावर बोलवा. समोर बसून त्याच्याकडून आईच्या साथीचे दिवस वदवून घ्या आणि ते मराठीत छापा.