तिशीनंतर परदेशी शिक्षण : बॅग भरण्याआधी तब्येत पाहा

वस्तीतले कोणी परदेशी शिकायला निघाले की विहारात सत्कार होतो, हार घातले जातात, फोटो निघतात. बीपी किती, शुगर किती, हे मात्र कोणी विचारत नाही. आम्हाला वाटते, तेही विचारले पाहिजे. कारण आपल्या घरातून जाणारे पुष्कळदा बाविशीतले नसतात. आधी नोकरी धरायची, बहिणीचे लग्न, बापाचे कर्ज निपटायचे, मग स्वतःचे शिक्षण. राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीत पदव्युत्तरसाठी ३५ आणि पीएच.डी.साठी ४० वर्षांपर्यंत अर्ज करता येतो. त्या वयात शरीर आपले रंग दाखवायला लागलेले असते.

बाबासाहेबही १९२० साली दुसऱ्यांदा लंडनला गेले तेव्हा एकोणतीस वर्षांचे होते. प्राध्यापकी करून, पैसे साठवून, संसार परळच्या चाळीत रमाईंवर सोपवून गेले. तिथे अर्धपोटी राहून त्यांनी अभ्यास केला. हे आपण अभिमानाने सांगतो आणि सांगावेच. पण त्यांना दुसरा इलाज नव्हता. आज शिष्यवृत्ती हातात असताना पोट मारून पैसे घरी पाठवणे हा त्यांचा आदर्श नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आमच्या परिचयातले एक दादा, वय ३६, दोन मुलांचे बाप, पीएच.डी.साठी इंग्लंडला निघाले. बीपीची गोळी चालू होती. व्हिसाच्या वेळी बीपी सापडला तर नाव कटेल, असे कोणीतरी त्यांच्या डोक्यात भरवले. त्यांनी तीन आठवडे आधी गोळी बंद केली. वहिनींनाही सांगितले नाही. तिकडे पोचून दहा दिवस होत नाहीत तोच डोके धरून बसले. मोजले तर १८० वर ११०. वेळेत औषध मिळाले म्हणून निभावले.

त्यांची भीतीच खोटी होती. इंग्लंडच्या विद्यार्थी व्हिसासाठी बीपी किंवा शुगर तपासत नाहीत. सहा महिन्यांहून जास्त राहायचे असेल तर आपल्या देशातून जाणाऱ्याला फक्त टीबीची तपासणी लागते. तीही ठरवून दिलेल्या केंद्रातच, छातीचा एक्स-रे काढून. दाखला सहा महिने चालतो. एक्स-रेमध्ये शंका आली तर थुंकी तपासतात, आणि त्या कल्चरच्या निकालाला दोन महिने जाऊ शकतात. म्हणून दोन-तीन आठवडे खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरणे असे काही असेल तर प्रवेशपत्राची वाट न पाहता सरकारी दवाखान्यात जा. तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहे. टीबी निघाला तरी साधारण सहा महिन्यांच्या उपचाराने बरा होतो. जाणे लांबते, रद्द होत नाही. लपवलेला खोकला मात्र घरातल्या पोरांना लागतो.

शुगर असणाऱ्यांनी एक गोष्ट लिहूनच ठेवावी. तिकडचे मशीन वेगळे माप दाखवते. आपल्याकडे १८० म्हणतात त्याला तिथे १० म्हणतात, १२६ ला ७. तिथल्या आकड्याला १८ ने गुणले की आपला आकडा येतो. तीन महिन्यांच्या शुगरचेही तसेच : आपली ६.५ टक्के म्हणजे तिथली ४८. हे माहीत नसेल तर पडद्यावर १५ दिसले तरी माणूस "कमीच आहे" म्हणून निर्धास्त झोपतो. ते २७० असते!

इन्सुलिन हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात टाकू नका, विमानाच्या पोटात ते गोठू शकते. घड्याळ साडेचार-साडेपाच तास मागे जाते. डोसची वेळ कशी बदलायची ते इथल्या डॉक्टरांकडूनच समजून घ्या. गोळ्यांची चिठ्ठी कंपनीच्या नावाने नको, औषधाच्या मूळ नावाने, टाइप केलेली मागा. दाढ किडली असेल तर इथेच काम उरकून घ्या. तिथे दातांसाठी खर्चही होतो आणि थांबावेही लागते.

व्हिसाच्या वेळीच सरकारी आरोग्यसेवेचा अधिभार भरावा लागतो. विद्यार्थ्याला सध्या वर्षाला ७७६ पौंड. एवढे भरूनही कित्येक जण आजारी पडेपर्यंत डॉक्टरकडे नाव नोंदवत नाहीत. पहिल्याच आठवड्यात जवळच्या जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नोंद करा. तपासायचे पैसे पडत नाहीत. इंग्लंडमध्ये औषधाच्या चिठ्ठीवर शुल्क असते, पण शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर अर्ज करून ते माफ होते. ही सवलत मागून घ्यावी लागते, आपोआप मिळत नाही. जिवावरचे असेल तर ९९९, नुसता सल्ला हवा असेल तर १११.

डिसेंबरात लंडनला दुपारी चारच्या आत अंधार पडतो. थंडीत बीपी चढतो, अंगावर ऊन पडत नाही म्हणून ड जीवनसत्त्व घटते. तिथली आरोग्यसेवाच हिवाळ्यात रोज १० मायक्रोग्रॅमची गोळी सुचवते, आणि सावळ्या वर्णाच्या लोकांनी ती वर्षभर घेण्याचा विचार करावा असेही सांगते. त्यात वर्गातली पोरे दहा-बारा वर्षांनी लहान, जेवायला बसायचे कोणाबरोबर हा प्रश्न. आठवड्याला २० तास काम करायची मुभा असते. ते काम रात्रपाळीचे निघाले की झोप गेली, जेवण पाव आणि नूडल्सवर आले. झोप उडाली, रडू येऊ लागले तर विद्यापीठात समुपदेशक असतात, फी लागत नाही. घरच्यांनीही व्हिडिओ कॉलवर "पैसे पाठवलेस का" याच्या आधी "जेवलास का, गोळी घेतलीस का" विचारावे.

आणि मागे राहणाऱ्यांचे काय? त्या दादांच्या वहिनींनी दीड वर्ष दोन पोरे, सासू आणि शिलाईकाम एकटीने ओढले. चक्कर यायची तरी फोनवर "सगळे बरे आहे" म्हणायच्या. शेवटी शेजारच्या आशाताईंनी धरून दवाखान्यात नेले, तर हिमोग्लोबिन साडेसात. आता दर रविवारी फोन आला की दोघे आधी एकमेकांना आकडे सांगतात. ते बीपीचा, त्या हिमोग्लोबिनच्या गोळ्या किती उरल्या त्याचा.