बाडीतील नित्याची अवजारे आणि प्रथमोपचाराची पिशवी

छत्तीसगडमध्ये घरालगतच्या, कुंपण घातलेल्या भाजीपाल्याच्या जागेस ‘बाडी’ म्हणतात. दुर्ग जिल्ह्यातील भिलाई-३ च्या आसपास कारखाने, लोहमार्ग आणि वसाहती यांच्या पलीकडे भाताची खाचरे आणि अशा बाड्या आहेत. येथील मराठी कुटुंबांनाही बाडीचे काम परके नाही. खुरपे, विळा (येथील हंसिया), फावडे आणि फवारणी पंप ही अवजारे प्रत्येक घरी असतात. दुखापत वा विषबाधा झाल्यास लागणारी साधने मात्र एकत्र ठेवलेली क्वचितच आढळतात.

उपचार रुग्णालयातच होतात. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावता येते आणि रायपूरच्या टाटीबंध भागातील एम्स महामार्गालगतच आहे. म्हणून जवळच्या पिशवीचे काम एवढेच, की रुग्णालयात पोहोचेपर्यंतच्या काळात हानी वाढू नये. तिच्यात काय ठेवावे, हे पुढील चार प्रसंगांवरून ठरवता येते.

कीटकनाशकाची विषबाधा

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात प्रामुख्याने कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक जणांचा मृत्यू झाला आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. बाडीतील वांगी-टोमॅटोवरही कीटकनाशके फवारली जातात. तेव्हा क्षेत्र लहान असले तरी धोका तोच राहतो.

सेंद्रिय फॉस्फरस गटातील कीटकनाशके मज्जातंतूंच्या कार्यासाठी आवश्यक असलेल्या कोलिनएस्टरेज या विकराचे कार्य रोखतात. त्यामुळे घाम व लाळ वाढते, बाहुल्या बारीक होतात, उलट्या होतात आणि श्वास कोंडतो. या गटाच्या विषबाधेवर अ‍ॅट्रोपिन उपयोगी पडते. परंतु अन्य अनेक कीटकनाशकांवर विशिष्ट उतारा नाही. रुग्णाच्या अंगात नेमके कोणते रसायन गेले, हे डॉक्टरांना कळणे त्यामुळेच महत्त्वाचे ठरते. डब्यावरील लेबल आणि सोबतचे माहितीपत्रक हे पिशवीतील सर्वांत मोलाचे कागद होत. मिश्रण फवारले असल्यास सर्व डब्यांची लेबले सोबत न्यावीत.

पिशवीजवळ साबण, स्वच्छ पाण्याचा कॅन आणि कपड्यांचा एक जोड असावा. लक्षणे दिसताच रुग्णास फवारणीच्या जागेपासून दूर न्यावे, भिजलेले कपडे उतरवावेत आणि अंग साबणाने धुवावे. डोळ्यांत औषध गेल्यास किमान १५ मिनिटे स्वच्छ पाण्याची धार धरावी. मदत करणाऱ्याने स्वतः हातमोजे घालावेत. दूध वा तूप पाजू नये आणि मनाने उलटी करवू नये.

हातमोजे नायट्राइल रबराचे घ्यावेत. सुती मोजे औषध शोषून ते त्वचेला चिकटवून ठेवतात. नोझल तुंबल्यास तोंडाने फुंकू नये. त्यासाठी जुना दात घासण्याचा ब्रश पंपालाच बांधून ठेवावा.

सर्पदंश

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर भारतात एकत्रित प्रतिविष मिळते. ते रुग्णालयातच देता येते. मण्यार (हिंदीत करैत) बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसास चावतो. दंशाची वेदना नगण्य असू शकते आणि खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखणे, पापण्या जड होणे वा गिळता न येणे ही लक्षणे दिसल्यास दंश गृहीत धरूनच रुग्णालय गाठावे.

पिशवीत बांबूच्या दोन पट्ट्या आणि रुंद कापड असावे. अस्थिभंगात बांधतो तसे दंश झालेले अवयव सैलसर बांधून स्थिर ठेवावे, अंगठी व बांगड्या काढाव्यात आणि रुग्णास चालवू नये. आवळण्याची दोरी आणि चिरा देण्याचे पाते यांना या पिशवीत स्थान नाही. साप मारण्यात वा पकडण्यात वेळ दवडू नये.

काठी, विजेरी आणि गमबूट ही येथे नित्याची अवजारेच मानावीत. सरपण किंवा पेंढा उचलण्यापूर्वी काठीने हलवावा. चिखलणीत गमबूट रुततात हे खरे. पण बांधावरून चालताना आणि रात्री पाणी देताना ते अवश्य घालावेत. झोपताना खाट वापरून मच्छरदाणी गादीखाली खोचावी.

मधमाश्या आणि विंचू

मधमाशीची नांगी काटेरी असल्याने त्वचेत रुतून राहते आणि तिच्या पिशवीतून विष स्रवत राहते. ती नखाने वा चिमट्याने, कशीही पण तत्काळ काढावी. डंखातून सुटणारा गंध इतर माश्यांना हल्ल्यासाठी बोलावतो. म्हणून तेथे थांबून माश्या झटकत बसू नये, चेहरा झाकून दूर पळावे. ओठ किंवा घसा सुजल्यास, धाप लागल्यास वा चक्कर आल्यास एक डंखही प्राणघातक ठरू शकतो.

विंचूदंशावर महाड येथे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिनच्या वापराने मोलाचे काम केले. १९८६ मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. लाल विंचवाच्या दंशानंतर घाम, उलटी, हातपाय गार पडणे ही लक्षणे दिसल्यास विलंब करू नये. हे औषध मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावयाचे आहे.

विळ्या-फावड्याच्या जखमा

रक्तस्राव होत असल्यास स्वच्छ कापडाची घडी जखमेवर सलग दाबून धरावी. अधूनमधून उचलून पाहू नये. रक्तस्राव थांबल्यावर जखम साबण-पाण्याने धुवावी. हळद, माती वा शेण लावू नये. धनुर्वाताच्या लशीची तारीख घरातील प्रत्येकाच्या नावापुढे लिहून ठेवावी.

पिशवीतील वस्तू

- साबण, नायट्राइल हातमोजे, कपड्यांचा जोड; जवळ पाण्याचा कॅन
- निर्जंतुक गॉज, पट्टी, चिकटपट्टी, कात्री, चिमटा
- बांबूच्या पट्ट्या, रुंद कापड
- जलसंजीवनीची पाकिटे (ओआरएस), विजेरी
- वापरातील कीटकनाशकांची लेबले
- १०८ आणि जवळच्या आरोग्य केंद्राचा क्रमांक लिहिलेला कागद

पिशवी कीटकनाशकांच्या साठ्यापासून दूर, कुलूप न लावता पण लहान मुलांच्या हाताबाहेर टांगावी. मृगाचा पाऊस सुरू होण्यापूर्वी मुदत संपलेल्या वस्तू बदलाव्यात आणि घरातील किमान दोघांना ती वापरण्यास शिकवावे. फवारणी एकट्याने करू नये. ही पिशवी वापरण्यास दुसरी व्यक्ती जवळ असावी लागते.