फलंदाजाची पारख

गांवच्या मैदानावर चेंडू कुंपणापार धाडील तोच थोर, असा आमच्या विद्यार्थ्यांचा समज. परंतु नुसत्या धांवांवरून पारख होत नाहीं. डिसेंबर १९४८ मध्यें पुण्यास भाऊसाहेब निंबाळकरांनीं काठियावाडाविरुद्ध नाबाद ४४३ धांवा केल्या. तरी त्यांस एकही कसोटी सामना लाभला नाहीं! प्रतिपक्ष दुबळा होता म्हणावें, तर आठ तास न चुकण्याचें श्रेय कोणाचें? त्याच वर्षीं जानेवारींत सांगलीच्या विजय हजाऱ्यांनीं ॲडलेड येथें लिंडवॉलसारख्या गोलंदाजास तोंड देऊन ११६ व १४५ धांवा काढल्या. अमेरिकेंत बेसबॉलचे जाणकार खालच्या श्रेणींतील खेळाडूचा जोर, वाईट चेंडू सोडण्याचा संयम व हुकण्याचें प्रमाण, हीं तिन्ही पाहतात. शाळेचा संघ निवडतांना आम्हीही आधीं संयम पाहतों. जोर काय, वयाबरोबर येतो.