साखरेचा पाक आणि प्रवेशपरीक्षा

प्रवेशपरीक्षेचें वर्ष हें केवळ त्या एका मुलाचें वर्ष नसतें. एकत्र कुटुंबांत तें साऱ्या घराचें वर्ष असतें. घरांत मोठ्यानें बोलावयाचें नाहीं, लग्नकार्यास मुलाला न्यावयाचें नाहीं, आणि तो पुस्तक घेऊन बसला कीं ‘अभ्यास चालला आहे’ असें समजून सर्वांनीं समाधान मानावयाचें, असा आपल्याकडे परिपाठच पडला आहे. परंतु पुस्तक समोर असणें आणि विषय समजणें यांत किती अंतर असूं शकतें, याचा अनुभव आम्हांस घरींच आला.

माझा पुतण्या बारावीनंतर इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेस बसला. हवे तितके गुण पडले नाहींत, म्हणून एक वर्ष घरीं राहून पुन्हां बसावयाचें ठरलें. गेल्या दिवाळीच्या सुमारास एके रात्रीं त्याच्या मेजावर मला एक कागद दिसला. रासायनिक अभिक्रियांच्या वेगाचीं सर्व सूत्रें त्यावर ओळीनें लिहिलेलीं होतीं व तीं त्यास मुखोद्गतही होतीं. मीं सहज विचारलें, “शंभर ग्रॅम साखरेपैकीं निम्मी एका तासांत बदलली. क्रिया प्रथम कोटीची आहे. आणखी एक तास गेल्यावर किती साखर उरेल?”

“कांहींच नाहीं, काका,” तो तात्काळ म्हणाला.

उत्तर चुकलें असें कळतांच त्याचा चेहरा उतरला. “मला हें जमावयाचें नाहीं. बाबांना तुम्हीच सांगा,” एवढेंच तो बोलला.

दुसऱ्या दिवशीं त्याची आजी चिरोट्यांसाठीं पाक करीत होती. पाकांत तिनें लिंबू पिळलें. मीं पुतण्यास स्वयंपाकघरांत बोलावून आजीला कारण विचारावयास सांगितलें. “अरे, पाकाची पुन्हां साखर होऊं नये म्हणून!” ती म्हणाली. हेंच त्या धड्याचें पहिलें पान होतें. आंबटाच्या सान्निध्यांत साखरेचा पाण्याशीं संयोग होऊन तिचे ग्लुकोज व फ्रुक्टोज असे दोन भाग होतात. त्या मिश्रणांत साखरेचे खडे सहजीं बांधले जात नाहींत.

ह्याच क्रियेचा वेग विल्हेल्मी नांवाच्या जर्मन शास्त्रज्ञानें १८५० सालीं मोजला. साखरेच्या द्रावणांतून ध्रुवित प्रकाश जाऊं दिल्यास त्याची पातळी उजवीकडे वळते. साखर फुटून झालेल्या मिश्रणानें ती डावीकडे वळते. तेव्हां द्रावणास हात न लावतां किती साखर उरली हें त्यास पाहतां आलें. त्याला असें आढळलें कीं, कोणत्याही क्षणीं क्रियेचा वेग त्या क्षणीं शिल्लक असलेल्या साखरेच्या प्रमाणांत असतो. साखर निम्मी उरली कीं वेगही निम्मा होतो. प्रथम कोटी म्हणतात ती हीच. म्हणून पहिल्या तासांत शंभराचे पन्नास उरले, तर दुसऱ्या तासांत पन्नास जात नाहींत, पंचवीसच जातात. दहा तासांनीं सुमारें एक दशांश ग्रॅम उरेल. दर तासास सारखीच साखर जाणें, हें शून्य कोटीच्या क्रियेचें लक्षण. पुतण्यानें तेंच येथें लावलें होतें.

दुसरी सार्वत्रिक चूक म्हणजे समीकरणांतील आंकडे पाहून कोटि सांगणें. नायट्रोजन पेन्टॉक्साइडच्या विघटनाचें समीकरण लिहितांना त्याच्यामागें दोनाचा आंकडा येतो. तरीही ती क्रिया प्रथम कोटीचीच आहे. कोटि प्रयोगानेंच ठरते. पदार्थाचें प्रमाण दुप्पट केल्यावर वेग दुप्पट झाला तर कोटि एक, चौपट झाला तर दोन, आणि मुळींच बदलला नाहीं तर शून्य. साखरेच्या क्रियेंत पाणीही भाग घेतें. परंतु तें इतकें विपुल असतें कीं त्याचें प्रमाण जवळजवळ ढळत नाहीं, म्हणून वेग साखरेवरच अवलंबून दिसतो.

तिसरा प्रश्न उष्णतेचा. तपमान २५ अंशांवरून ३५ अंशांवर नेलें तर पुष्कळ क्रियांचा वेग सुमारें दुप्पट होतो. रेणूंची धांवपळ वाढते म्हणून असें होतें, असें मुलें लिहितात. पण वायूंच्या बाबतींत हिशेब केला तर टकरांची संख्या शेंकडा दोनांनींही वाढत नाहीं! मग वेग दुप्पट कां? स्वीडनच्या अऱ्हेनियसनें १८८९ मध्यें ह्या साखरेच्याच क्रियेचा विचार करतांना याचें उत्तर दिलें. रेणूंस प्रथम शक्तीचा एक उंबरठा ओलांडावा लागतो. हा उंबरठा मोलास ५३ किलोज्यूल धरला, तर २५ अंशांवर तो ओलांडण्याजोगी शक्ति सुमारें दोनशें कोटि टकरांपैकीं एकींतच असते. ३५ अंशांवर शंभर कोटींत एकींत. थोडक्या भाग्यवंतांची संख्या दुप्पट झाली, म्हणून वेग दुप्पट झाला. सूत्रांतील तो घातांक हेंच सांगत असतो.

आणि लिंबाचें काम काय? तें उत्प्रेरक. घाट चढून जाण्याऐवजीं बोगद्यांतून वाट काढावी, तसा तो कमी उंचीचा मार्ग देतो. बोगदा जाणाऱ्यास व येणाऱ्यास सारखाच उपयोगी पडतो. म्हणून उत्प्रेरकानें समतोल लवकर गांठला जातो, पण त्याची जागा बदलत नाहीं. परीक्षेंत ह्या एका वाक्यावर पुष्कळांची फसगत होते.

हें सारें होण्यास चार संध्याकाळ लागल्या. पांचव्या दिवशीं पुतण्यानें तो कागद मिटला व सूत्रें एका मूळ नियमापासून स्वतः काढून दाखविलीं. त्याची परीक्षा अद्याप व्हावयाची आहे. निकालाविषयीं आज बोलण्यांत अर्थ नाहीं. परंतु ‘मला जमावयाचें नाहीं’ हें वाक्य त्याच्या तोंडून पुन्हां ऐकूं आलें नाहीं.

वाचकांस एवढीच विनंति कीं, मुलगा मंद आहे असा निर्णय करण्यापूर्वीं त्याच्याजवळ घटकाभर बसावें. माझे बंधु रोज रात्रीं “आज किती प्रश्न सोडविलेस?” असें विचारीत. आतां ते “त्यांतला एक मला समजावून सांग पाहूं,” असें म्हणतात. घरच्यांस रसायनशास्त्र आलेंच पाहिजे असें नाहीं; ऐकून घेण्याची सवड मात्र असली पाहिजे.