कर्दळीचे फूल

कर्वेनगरात बंगल्यांच्या परसात, सांडपाण्याच्या वाटेवर कर्दळ आढळते. केळीसारख्या रुंद पानांमुळे ती इकडचीच वाटते. लिनियसने १७५३ साली दिलेल्या नावातही ‘इंडिका’ हा शब्द आहे. परंतु तिची जन्मभूमी अमेरिकेचा उष्ण प्रदेश होय.

विद्यार्थ्यांनी एक फूल उकलून पाहावे. ज्यांस आपण रंगीत पाकळ्या समजतो ते वस्तुतः रूपांतर पावलेले पुंकेसर होत. खऱ्या तीन पाकळ्या त्यांच्या खाली, अरुंद व निस्तेज असतात. पराग देणारा पुंकेसर एकच, आणि त्याचाही अर्धाच भाग! चित्रवहीत मात्र बहुतेक मुले पाकळ्याच रंगवितात.

बी काळे, गोल व इतके कठीण असते की त्याचे मणी जपमाळेस चालतात. ते पेरण्यापूर्वी कवच किंचित घासावे. एरवी आत पाणी लवकर शिरत नाही.