गावातला धंदा : भाग ६
माल आधी हाताळू द्या

मागच्या भागात भांडवल कसं उभं करायचं ते पाहिलं. भांडवल मिळालं, माल तयार झाला, आता तो खपवायचा कसा? गावाकडे या प्रश्नाचं उत्तर शहरापेक्षा बरंच वेगळं निघतं. महाराष्ट्रातला त्याचा सर्वांत बोलका दाखला सव्वाशे वर्षांपूर्वीचा आहे.

बेळगावात सायकलीच्या दुकानापासून सुरुवात केलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३च्या सुमारास लोखंडी नांगर बनवला. नांगर चांगला होता, पण घ्यायला कुणी पुढे येईना. लोखंड लागलं की जमिनीत विष भिनतं, अशी शेतकऱ्यांची पक्की समजूत होती. पहिले नांगर विकले जायला जवळजवळ दोन वर्षं लागली, असं सांगितलं जातं.

या समजुतीला अडाणीपणा म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण शेतकऱ्याचा हिशेब पाहा. लाकडी नांगर गावचा सुतार घडवायचा, मोडला तर तोच दुरुस्त करून द्यायचा आणि त्याचं बलुतं सुगीत धान्याने चुकतं व्हायचं. लोखंडी नांगराला रोकड मोजावी लागणार होती. फाळ झिजला तर नवा कुठून आणायचा? ऐन नांगरटीत अवजार अडलं तर नुकसान कुणी भरून द्यायचं? विषाची भीती बोलून दाखवली जात होती. या शंका मनात होत्या. आजही गावात नवा माल घेऊन जाणाऱ्याला लोक तोंडावर ‘नको’ म्हणतात, तेव्हा त्यामागे बहुतेक वेळा असाच हिशेब असतो.

पुढे औंध संस्थानाच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी जागा दिली आणि १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनाजवळ किर्लोस्करवाडी वसली. कारखाना वाढला तसं त्याचं गिऱ्हाइकांशी बोलणंही वाढलं. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं. कारखान्याची आणि त्याच्या मालाची माहिती लोकांपर्यंत पोचवणं हा त्याचा मूळ हेतू. त्याच अंकांतून पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक घडलं आणि मराठी घराघरांत पोचलं. १९३० मध्ये त्याला ‘स्त्री’ मासिकाची जोड मिळाली. नांगर करणाऱ्यांनी मासिक काढलं, यात धंद्याची मोठी समज आहे: विक्री झाली म्हणून गिऱ्हाइकाशी बोलणं थांबवायचं नसतं.

दुसरा दाखला तमिळनाडूतला. सी. के. रंगनाथन यांनी १९८३ मध्ये कडलूरला अवघ्या १५,००० रुपयांत धंदा मांडला आणि ‘चिक’ शाम्पूच्या छोट्या पुड्या बाजारात आणल्या. खेड्यात शाम्पू वापरायचा कसा, हेच अनेकांना ठाऊक नव्हतं. म्हणून त्यांची माणसं गावोगाव जात, सगळ्यांसमोर एखाद्या पोराचं डोकं शाम्पूने धुऊन दाखवत आणि जमलेल्यांना त्याच्या केसांना हात लावून, वास घेऊन बघायला सांगत. रजनीकांतच्या सिनेमांचे खेळ लावले, मध्ये जाहिरात दाखवली, खेळ संपल्यावर पुड्या फुकट वाटल्या. रिकाम्या पुड्या आणून देणाऱ्याला एक भरलेली पुडी मोफत मिळे. आधी त्या कोणत्याही कंपनीच्या चालत. लोकांचा हात बसल्यावर मात्र फक्त ‘चिक’च्याच घेतल्या जाऊ लागल्या. ही चाल विलक्षण हुशारीची होती. दुसऱ्याचं गिऱ्हाईक कोण आहे, ते न विचारताच कळत होतं.

नांगराच्या गोष्टीत गाव खात्री पटेपर्यंत थांबलं, शाम्पूच्या गोष्टीत त्याने डोळ्यांनी पाहून आणि हातांनी चाचपून मग पैसे काढले. त्यामुळे शेवया, पापड, मसाले करणाऱ्या बचत गटाने पहिली गुंतवणूक चवीत करावी. आठवडी बाजारात पाल टाकलं की ताटलीत तळलेला पापड ठेवावा, मसाल्याची डबी उघडून वास घेऊ द्यावा. रसवंतीवाल्यांना हे कधीच उमगलं आहे. चरकाच्या चाकाला बांधलेले घुंगरू रस्त्यावरच्या माणसाला पाटी वाचायच्या आधीच हाक मारतात, आणि ऊस त्याच्या डोळ्यांदेखत पिळला जातो. पुरंदर तालुक्यातल्या अनेकांनी राज्यभर काढलेल्या रसवंत्यांवर कानिफनाथांचं किंवा नवनाथांचं नाव असतं. मालक वेगवेगळे असले तरी नाव ओळखीचं, म्हणून परगावातही गिऱ्हाईक बिचकत नाही.

मग वेळेचा प्रश्न. गावात पैसा वर्षभर सारखा खेळत नाही. दुधाचा पगार अनेक ठिकाणी दर दहा दिवसांनी होतो. उसाचं बिल गाळपाला ऊस गेल्यापासून १४ दिवसांत द्यावं, असा कायद्याचा दंडक आहे, पण प्रत्यक्षात ते कधी जमा होईल ते कारखान्यागणिक बदलतं. सोयाबीन, कापूस, कांदा यांचे पैसे त्या त्या हंगामात येतात. लग्नसराई आणि गावची जत्रा हे खर्चाचे दिवस. ज्याला हे वेळापत्रक तोंडपाठ आहे तो शिलाई मशीन, कडबाकुट्टी किंवा पंखा यांची विक्री बरोबर त्या आठवड्यात लावतो. भर पेरणीत, शेतकऱ्याचा शेवटचा रुपया बी-खतात गेलेला असताना, सवलतीचा फ्लेक्स लावून काय मिळणार?

जाहिरातीच्या साधनांचीही तशी वाण नाही. साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवडला ‘माणदेशी तरंग’ हे सामुदायिक रेडिओ केंद्र आहे. अशा केंद्रांना केंद्र सरकारच्या २००६च्या धोरणात तासाला पाच मिनिटं जाहिरातींची मुभा मिळाली आणि पुढे ती मर्यादा वाढवण्यात आली. पंचक्रोशीच्या बोलीत, ओळखीच्या आवाजात सांगितलेली जाहिरात लहान दुकानदाराला मोठ्या वर्तमानपत्रातल्या चौकटीपेक्षा नक्कीच जवळची पडते. व्हॉट्सॲपचे गट तर गावोगाव आहेत. तिथे रोज ‘शुभ सकाळ’सोबत दरपत्रक टाकणाऱ्याचा मात्र लोकांना लवकरच कंटाळा येतो. आज गिरणीत काय दळून मिळेल, कोणता माल ताजा आला, एवढंच नेमकं कळवणाऱ्याचा निरोप वाचला जातो.

तक्रारीचं मोल गावात फार मोठं. शहरातला दुकानदार नाराज गिऱ्हाईक गमावून बसतो. गावातला त्याच माणसाला दुसऱ्या दिवशी पारावर, मग दूध डेअरीत आणि पुढच्या आठवड्यात एखाद्या लग्नाच्या पंगतीत भेटतो. खवट निघालेली मसाल्याची पुडी वाद न घालता बदलून दिली, तर तीही गोष्ट तितक्याच वेगाने पसरते. मालावर बनवल्याची तारीख, वजन आणि स्वतःचं नाव स्पष्ट छापणं याच जबाबदारीचा भाग आहे.

येत्या हंगामात ज्यांना नवा माल बाजारात आणायचा आहे, त्यांनी फ्लेक्ससाठी बाजूला काढलेल्या पैशातून आधी चवीचा माल तयार करावा आणि तो जवळच्या आठवडी बाजारात लोकांच्या हातात द्यावा. खाणारा काय म्हणाला ते वहीत टिपून ठेवावं. पुढच्या भागात उधारी आणि तिच्या वसुलीचा विषय घेतला जाईल.