तीन गावांची २५ वर्षं, मुंबईचे ५२ दिवस

कर्जत, खोपोली आणि माथेरान. २०११च्या जनगणनेत या तीन नगरपालिकांची लोकसंख्या मिळून सुमारे १ लाख ५ हजार भरली होती. माणशी रोज ३५० ग्रॅम कचरा धरला तर दिवसाला होतात जेमतेम ३७ टन, वर्षाला साडेतेरा हजारांच्या आत. क्षेपणभूमीचं आयुष्य साधारण २० ते २५ वर्षं धरतात. त्या २५ वर्षांत या तिन्ही नगरपालिका मिळून सुमारे ३ लाख ३५ हजार टन कचरा वाहून नेतील. मुंबईत रोज साडेसहा हजार टनांच्या आसपास कचरा निघतो. म्हणजे इथल्या एका पिढीचा सगळा कचरा मुंबई ५२ दिवसांत करते.

जनगणना जुनी आहे, हे खरं. मधल्या काळात खोपोली वाढली, कर्जतभोवती फार्महाऊस आणि रिसॉर्ट उभे राहिले, माथेरानला शनिवार-रविवारी गावाच्या कितीतरी पट माणसं येतात. म्हणून आकडा सरळ दुप्पट करा. तरी १०४ दिवसच.

आता मुंबईतली देवनारची क्षेपणभूमी. तिथे १९२७ पासून कचरा पडतो आहे आणि साचलेला ढीग १ कोटी ८५ लाख टनांचा आहे. आपल्या तीन गावांनी एवढा ढीग करायचा म्हटलं, तर आजच्या हिशेबाने जवळजवळ १,३८० वर्षं लागतील. बदामीचा दुसरा पुलकेशी गेला त्या सुमारास पहिली पाटी टाकली असती, तर काम आत्ता पुरं झालं असतं. हा ढीग हटवण्यासाठी मुंबई महापालिकेने २,३६८ कोटींची निविदा काढली, मुदत तीन वर्षांची. त्या मुदतीत काम उरकायचं तर रोज सुमारे १७ हजार टन जुना कचरा उकरावा लागेल, म्हणजे शहरात रोज नव्याने निघणाऱ्या कचऱ्याच्या अडीचपटीहून जास्त.

मुंबईचा बहुतेक कचरा आता कांजूरमार्गला जातो. ती क्षेपणभूमी खासगी कंपनी २५ वर्षांच्या करारावर चालवते. तिथली ११९.९१ हेक्टर जमीन संरक्षित वन आहे, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये दिला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. शहरातली जागा अशी अडचणीत आली की नजर बाहेर वळते. अंबरनाथ तालुक्यातल्या करवले गावची जमीन मुंबईच्या कचऱ्यासाठी पुढे केली गेली, तेव्हा गावकरी विरोधात उभे राहिले. कर्जत-खोपोली तिथून काही फार लांब नाही.

म्हणून इथल्या कोणत्याही क्षेपणभूमीचा विस्तार, खासगीकरण किंवा त्यासाठीचा पर्यावरण अहवाल समोर आला, की मी आधी क्षेत्रफळ बघेन. वर काढलेले ३ लाख ३५ हजार टन दाबून रचले तर सुमारे ४ लाख घनमीटर होतात. सरासरी दहा मीटर उंची धरली तर जागा लागते ४ हेक्टर. ओल्याचं खत केलं, सुका वेगळा काढून विकला आणि पाचवा हिस्साच पुरायला उरला, तर एक हेक्टरही पुष्कळ. २०१६च्या घनकचरा नियमांना अपेक्षित होतं तेही हेच, की ज्याचं दुसरं काहीच करता येत नाही तेवढंच पुरायचं. अहवालात २० किंवा ३० हेक्टर मागितले असतील, तर तो कचरा आपला नाही. ठेकेदाराला पैसे टनावर मिळत असतील तर त्याला जास्त कचरा हवा असतो, कमी कचरा नव्हे. करारात किमान टनांची हमी आहे का, हा प्रश्न पर्यावरणाचाच आहे.

दुसरा आकडा पावसाचा, आणि इथे तो सगळ्यात भारी पडतो. या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. माथेरानवर तर त्याहून खूपच जास्त. तीन मीटरच धरू. एका हेक्टरवर ३ कोटी लिटर पाणी. २० हेक्टरवर ६० कोटी लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे ६० हजार टँकर, तेही बहुतेक चार महिन्यांत. पावसाळाभर रात्रंदिवस दर तीन मिनिटांनी एक टँकर ढिगावर रिता होतो आहे, असं समजा. त्यातलं जे पाणी उघड्या कचऱ्यातून झिरपतं, ते काळं, उग्र लीचेट होऊन खाली उतरतं.

त्याला अडवायला काय असतं? २०१६च्या नियमांप्रमाणे दीड मिलिमीटर जाडीचं एचडीपीई प्लॅस्टिक, आणि त्याखाली ९० सेंटिमीटर दाबलेली चिकणमाती. तिच्यातून पाणी सेकंदाला सेंटिमीटरच्या एक कोटीव्या हिश्शाहून वेगाने झिरपता कामा नये. वर्षात ३ कोटी १५ लाख सेकंद असतात, तेव्हा वर्षाला तीन सेंटिमीटर. प्लॅस्टिक फाटलं तरी अशी माती हेक्टरी सुमारे ३ लाख लिटरच खाली सोडेल, पडलेल्या पावसाचा शंभरावा भाग. पण हे वर पाणी तुंबलेलं नसेल तेव्हाच. तुंबलं की त्याच्या दाबाने झिरपण्याचा वेग वाढतो. उरलेले ९९ भाग झाकलेल्या ढिगावरून स्वच्छ वाहून तरी जायला हवेत, नाहीतर नळ्यांतून काढून शुद्ध तरी व्हायला हवेत. पावसाआधी ढिगावर ४० ते ६५ सेंटिमीटर मातीचा थर द्यायचा, हा त्या नियमांतला नियम त्याचसाठी होता. ऐन आषाढात किती चौरस मीटर कचरा उघडा राहणार आणि लीचेटचं तळं किती दिवसांचं पाणी धरणार, हे दोन आकडे अहवालात नसतील तर बाकीची पानं कितीही असोत, तो अहवाल अपुरा आहे.

कारण खाली नद्या आहेत. कर्जतवरून गेलेली उल्हास पुढे बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याणची तहान भागवते. खोपोलीतून पाताळगंगा वाहते. टाटांच्या १९१५च्या वीजघरातून सुटलेलं पाणी तिच्यातच येतं. खालापूर तालुक्यातलं मोरबे धरण नवी मुंबईला पाणी देतं. इथल्या एक लाख माणसांच्या कचऱ्याची जागा निवडताना लाखो लोकांच्या पिण्याच्या पाण्याचा निर्णय होत असतो.

ढीग टाळता येतो, हेही इथे माहीत आहे. कचऱ्याचं २७ प्रकारांत वर्गीकरण करणाऱ्या वेंगुर्ल्याचे मुख्याधिकारी रामदास कोकरे पुढे कर्जतला आले, मग माथेरानला गेले. वर्गीकरणाची शिस्त त्यांनी या दोन्ही गावांत आणली. ती टिकवायची जबाबदारी गावांची आणि नगरपालिकांची आहे.

२००६च्या पर्यावरण आघात अधिसूचनेनुसार जनसुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत ठेवावा लागतो आणि हरकत लेखीही देता येते. तुमच्या तालुक्यात अशी सूचना निघाली तर सारांश मागून घ्या, हेक्टर आणि टन यांचा भागाकार स्वतः करा, आणि ३० दिवस संपायच्या आत हरकत लिहून द्या.